येणं की देणं? ‘ड्यू अँड पेएबल’ या तीन शब्दांची लांबलचक गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू आलं नाही, ज्यांचे इअरफोन ऐन वेळी डिस्चार्ज झाले किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्या सगळ्यांसाठी. बोलता बोलता थोडं इकडं तिकडं झालं होतं, ते इथं जरा सरळ केलंय.

आज सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो.

पहिली नोकरी सोडली तेव्हाची गोष्ट. बीटेक झालो, कॅम्पसमधूनच नोकरी लागली, दोन-अडीच वर्षं काम केलं आणि दुसरीकडं चांगली ऑफर आली. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. नवीन कंपनीला घाई, म्हणून मी ६० दिवसांतच बाहेर पडलो. महिन्याभरानं जुन्या कंपनीकडून ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’चं पत्र आलं. त्यातल्या इंग्रजीचा मतितार्थ असा, की ४१,२५० रुपये ‘ड्यू अँड पेएबल बाय यू’ आहेत, ते ‘काइंडली रेमिट’ करावेत.

मी काय वाचलं? ४१,२५०. पेएबल. यू. झालं! मला पैसे मिळणार! लगेच उत्तर पाठवलं, ‘थँक यू, खालील खात्यावर रक्कम जमा करावी.’ खाते क्रमांक, आयएफएससी कोड, सगळं व्यवस्थित लिहिलं. आणि बार्शीजवळच्या गावी अण्णांना फोन केला, “अण्णा, चाळीसेक हजार येतायत. सोसायटीचं पीक कर्ज आपण मार्चएंडच्या आत भरून टाकू.” अण्णांनी सोसायटीच्या सचिवाला सांगूनही टाकलं. पीक कर्ज मुदतीत भरलं की व्याजात सवलत मिळते आणि मुदत चुकली की ती जाते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. तीच रक्कम, तेच शब्द, यावेळी शेवटची तारीखही. पैसे मला मिळणार नव्हते, मला द्यायचे होते. नोटीस पिरियडच्या कमी पडलेल्या ३० दिवसांचे. ‘बाय’ या दोन अक्षरी शब्दावरून माझी नजर घसरली होती.

अण्णांना परत फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आरं, येणं हाय का देणं, एवढं तरी लिव्हलं असंल की त्यात.”

कर्ज मुदतीत भरलं गेलं, पण त्यासाठी अण्णांना चुलत्यांकडून उसने घ्यावे लागले. आयुष्यात कुणापुढं हात न पसरणारा माणूस. ते उसने मी नंतर फेडले, पण अण्णांचा तो प्रश्न डोक्यात राहिला. येणं की देणं, हे इंग्रजीत इतकं लपून का असतं? ‘ड्यू’ आणि ‘पेएबल’ दोन्ही का लिहायचं, एक पुरत नाही का? ही भाषा आली कुठून? शोधायला लागलो आणि थेट लंडनच्या आगीत जाऊन पोचलो. मग तिथून पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला. चला, सांगतो.

लाकडाची पावती

मध्ययुगातलं इंग्लंड. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढच्या शे-दीडशे वर्षांत राजाच्या हिशेबाचं एक खातं उभं राहिलं, त्याचं नाव एक्स्चेकर. का? तर हिशेब ज्या टेबलावर व्हायचा, त्यावर चौकटी-चौकटीचं कापड अंथरलेलं असायचं, बुद्धिबळाच्या पटासारखं. टेबल साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून चौकटींवर सोंगट्या मांडून हिशेब करायचे. आपल्या भाषेत, कापडी स्प्रेडशीट.

आता एक गंमत. एक्स्चेकर हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला, आणि बुद्धिबळातल्या ‘चेक’चं मूळ फारसीतल्या ‘शाह’मध्ये आहे. आपण बुद्धिबळात ‘शह’ देतो तोच हा. बँकेत टाकतो तो ‘चेक’ही याच कुळातला. म्हणजे चेक लिहिताना आपण नकळत शहच देत असतो.

वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला, जिल्ह्याजिल्ह्यांचे शेरीफ राजाचं येणं घेऊन एक्स्चेकरला यायचे. पैसे भरले की पावती मिळायची, आणि ती पावती असायची लाकडाची. तिला म्हणायचे टॅली. हेझल झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या. कोणती खाच किती रुंद, याचा नियम बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील या खजिनदारानं लिहून ठेवलाय. हजार पौंडांची खाच तळहाताच्या रुंदीची. शंभर पौंडांची अंगठ्याएवढी. वीस पौंडांची करंगळीएवढी. एक पौंड म्हणजे बार्लीच्या टपोऱ्या दाण्याएवढी. आणि पेनी म्हणजे नुसता चरा.

मग ती काठी उभी चिरायची. दोन्ही अर्ध्यांवर त्याच खाचा. लांब तुकडा ‘स्टॉक’, तो पैसे भरणाऱ्याकडे. आखूड तुकडा ‘फॉइल’, तो खजिन्यात. पुढं वाद झाला की दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. एकानं गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्या तुकड्याशी ती जुळणारच नाही. आपल्या चेकबुकातल्या काउंटरफॉइलचं नातं याच फॉइलशी आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं मला हे फारच आवडलं. एकच नोंद दोघांकडं, आणि दोघांपैकी कुणालाही एकट्यानं ती बदलता येत नाही. पण खरी गोष्ट पुढं आहे. टॅली वाचायला भाषा यावी लागत नव्हती. निरक्षर माणूस अंधारात बोट फिरवून सांगू शकत होता की आपण किती भरलेत. आणि हातात स्टॉक आहे की फॉइल, यावरून तो भरणारा की घेणारा हेही कळत होतं. येणं की देणं, ते काठीवरच ठरलेलं!

भाषा तिसऱ्याच कुणाची

मग घोळ कुठं झाला? शब्दांत.

नॉर्मन लोक फ्रेंच बोलायचे. कोर्टात वकिली फ्रेंचमध्ये, दप्तर लॅटिनमध्ये आणि ज्याच्यावर खटला चाललाय तो बिचारा इंग्रजी बोलणारा. १३६२ साली कायदा झाला की बाबांनो, फ्रेंच लोकांना कळत नाही, कोर्टात इंग्रजीत बोला. आणि हा कायदा लिहिला कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये! कागदोपत्री कामकाज सक्तीनं इंग्रजीत आणणारा कायदा त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी झाला आणि १७३३ पासून लागू झाला.

त्यामुळं पैसे देण्याघेण्याचे जवळजवळ सगळे ‘भारी’ शब्द इंग्रजीत बाहेरून आलेत. ‘ड्यू’, ‘डेट’, ‘ड्यूटी’, ‘डेबिट’ हे चौघं भाऊ. मूळ लॅटिन क्रियापद ‘देबेरे’, म्हणजे देणं लागणं. ‘डेट’मधला ‘बी’ आपण शाळेत उगाच पाठ केला असं वाटतं ना? बरोबर वाटतं. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. नंतर पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून तो घुसवला. उच्चार कुणी कधी केलाच नाही.

‘पे’चं मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. ‘पीस’ त्याच घरातला. देणेकऱ्यानं सावकाराला शांत केलं की झालं पेमेंट. ‘फाइन’ म्हणजे दंड, त्याचं मूळ ‘शेवट’. ठरलेली रक्कम भरली की प्रकरण संपलं. ‘अरिअर्स’ म्हणजे मागं राहिलेलं.

अस्सल इंग्रजी म्हणावा असा शब्द कोणता? ‘ओ’, म्हणजे देणं असणं. आणि तो तर सगळ्यात भारी. ‘ओ’ आणि ‘ओन’, म्हणजे देणं असणं आणि मालकीचं असणं, हे दोन्ही एकाच जुन्या क्रियापदातून निघाले. त्याचा मूळ अर्थ ‘जवळ असणं’. जवळ आहे, पण दुसऱ्याला द्यायचंय, असं करत करत अर्थ फिरला. म्हणजे येणं आणि देणं यांचा गोंधळ या भाषेत जन्मजात आहे. मी एकटाच घसरलो नाही, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

आता आपलं मराठी बघा. कर्ज आपण ‘फेडतो’. फेडणं म्हणजे सोडवणं, उकलणं. पांग फेडतो, नवस फेडतो. गाठ सुटली की मोकळे. ‘वसूल’ अरबीतून आला, मूळ अर्थ पोचणं. ‘बाकी’ म्हणजे उरलेलं, तोही अरबी. बाकी उरली नाही की ‘बेबाकी’. सोसायटी देते तो ‘बेबाकी दाखला’ म्हणजेच नो ड्यूज सर्टिफिकेट. ‘हप्ता’ फारसीतला आठवडा. आणि ‘व्याज’? संस्कृतात व्याज म्हणजे ढोंग, खोटं निमित्त. म्हणून तर निष्कपट प्रेमाला आपण ‘निर्व्याज’ म्हणतो. पूर्वजांनी इशारा शब्दातच देऊन ठेवला होता म्हणायचा.

शब्द आपल्याकडंही बाहेरून आले, पण वापरून वापरून घरचे झाले. वहीत मात्र दोनच साधे शब्द राहिले, येणे आणि देणे. कोणता पैसा कुठल्या दिशेला जाणार, ते शब्द वाचताक्षणी कळतं.

दोन आगी

टॅलीच्या काठ्या इंग्लंडात फार काळ चालल्या. बंद करायचा कायदा १७८२ साली झाला, पण त्या खात्यातले जुने मानकरी असेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, त्यामुळं प्रत्यक्षात बंद व्हायला १८२६ उजाडलं. मग प्रश्न आला, या शेकडो वर्षांच्या काठ्यांच्या ढिगाचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लंडनच्या पार्लमेंटमध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या भरून टाकल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी अख्ख्या पार्लमेंटनं पेट घेतला. दोन्ही सभागृहं खाक. आज आपण फोटोत बघतो ती इमारत त्यानंतरची.

फिटलेल्या हिशेबांच्या काठ्यांनी इमारत जाळली. ही पहिली आग.

दुसरी आग ४१ वर्षांनी, आपल्याकडं. तिच्यात न फिटलेले हिशेब जळले.

१८१८ साली पेशवाई गेली आणि दख्खनमध्ये इंग्रजांनी रयतवारी आणली. सारा सरकार ठरवणार, तो रोख भरायचा, ठरलेल्या तारखेला भरायचा. पाऊस पडो न पडो. पैसे नसले की सावकार. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या भारताकडं वळल्या. कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, सावकारांनी हात आखडले. आणि त्याच सुमाराला सरकारनं फेरआकारणीत सारा वाढवला, तोही थोडाथोडका नाही, ५० ते १०० टक्के.

यात आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या मते या सगळ्या कथेचं मर्म आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा, म्हणजे ‘खत’, तीन वर्षांपुरतंच कोर्टात चालणार. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं, मुद्दल अधिक व्याज ही नवी मुद्दल धरायची आणि नव्या खतावर निशाणी घ्यायची.

समजा, १०० रुपये, दरमहा शेकडा २ रुपये व्याज. हा हिशेब माझा, समजण्यापुरता. सरळ व्याजानं नऊ वर्षांत होतात ३१६ रुपये. पण दर तीन वर्षांनी खत नवं केलं तर पहिल्यांदा १७२, मग साधारण २९६, आणि नवव्या वर्षाअखेर जवळपास ५०९. कायदा व्याज आवरायला आणला आणि त्याचंच चक्रवाढ करणारं यंत्र झालं. कोडमध्ये एक बग काढताना दुसरा मोठा बग घालतात, तसं.

आणि कुळ सही कसली करणार? मोडीत लिहिलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. खाली निशाणी, बहुतेकदा नांगराची. काय लिहिलंय ते सावकार सांगेल ते. पूर्वी भांडण झालं तर पाटील, पंच, गावातली माणसं, काय झालं होतं ते आठवून सांगायची. आता इंग्रजी पद्धतीचं कोर्ट आलं होतं. कोर्ट विचारायचं, खतावर निशाणी तुझी का? हो. मग रक्कम देणं आहे. डिक्री. जमीन गेली, बैल गेले.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचं गाव. आजूबाजूचे शेतकरी गोळा झाले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. मागणी काय? धान्य लुटलं गेलं, काही घरंही जळली, पण सगळ्यात आधी मागितल्या हिशेबाच्या वह्या आणि खतं. ती मिळाली की जाळायची. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. पुष्कळ ठिकाणी सावकारानं खतं मुकाट्यानं काढून दिली की जमाव त्याच्या अंगाला हात न लावता निघून जायचा. चौकशी आयोगानंही नोंदवलंय की माणसांवरची गंभीर हिंसा अगदी कमी होती. लष्कर आलं, दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली.

शाळेत आपण हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. मला आता ते वेगळं दिसतं. त्या लोकांनी वाचता न येणारा कागद जाळला. टॅलीचा अर्धा तुकडा तुमच्या हातात असतो, खताचा असा कुठलाच तुकडा कुळाच्या हातात नव्हता. भरलेल्या पैशाची पावतीसुद्धा मिळत नव्हती.

सरकारनं चौकशी केली आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. म्हणजे आमचं बार्शीही त्यात आलं. काय होतं त्यात? कोर्टानं नुसत्या निशाणीवर जायचं नाही, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा. गावनिबंधकासमोर दस्त करायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि माझ्या आवडीचं कलम, शेतकऱ्यानं पैसे भरले की त्याला लेखी पावतीचा हक्क, मागितलं तर वर्षाचा हिशेब आणि पासबुक मिळायचा हक्क. कायद्यानं सावकारी संपली नाही, पळवाटाही निघाल्या. पण कुळाच्या हातात स्वतःचा तुकडा असला पाहिजे, हे सरकारला मान्य करावं लागलं, आणि ते सुप्याच्या आगीमुळं.

आता तुमच्या ईमेलकडं

इतिहास झाला. आता जे शब्द रोज आपल्या मोबाइलवर येतात, ते बघू. इंग्रजी माध्यमवाल्यांनीही कान उघडे ठेवा, तिथंही घोळ कमी नाहीत.

पहिलं, ‘ड्यू अँड पेएबल’. दोन शब्द का? इंग्रजी कायद्याला जोड्यांची जुनी सवय आहे, ‘टर्म्स अँड कंडिशन्स’, ‘नल अँड व्हॉइड’. पण या जोडीत खरा फरकही आहे. देणं आज तयार झालंय पण द्यायचं उद्या, असं असू शकतं. तुम्ही घरासाठी कर्ज घेतलंत की देणं त्याच दिवशी तयार झालं, भरायचं मात्र २० वर्षं. म्हणून वकील दोन्ही लिहितो. देणं आहे, आणि भरायची वेळही झालीय. नोटिशीत ही जोडी दिसली की समजायचं, समोरचा म्हणतोय आता थांबायचं कारण नाही.

दुसरं, दिशा. ‘पेएबल टू यू’, ‘ड्यू टू यू’ म्हणजे तुमचं येणं. ‘पेएबल बाय यू’, ‘ड्यू फ्रॉम यू’, ‘रिकव्हरेबल फ्रॉम यू’ म्हणजे तुमचं देणं. सगळा जीव त्या टिचभर शब्दात आहे. माझे ४१ हजार त्यातच अडकले होते. स्वतः पत्र लिहिताना तर ‘माय ड्यूज’ लिहूच नका. तुमचं येणं की तुमचं देणं, वाचणाऱ्याला कळत नाही. ‘द अमाउंट पेएबल टू मी’ असं सरळ लिहा.

तिसरं, ‘आउटस्टँडिंग’, ‘ओव्हरड्यू’ आणि ‘अरिअर्स’. आउटस्टँडिंग म्हणजे अजून उरलेलं, त्यात उशीर झालाच असं नाही. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटली. अरिअर्स म्हणजे थकबाकी, आणि ती दोन्ही बाजूंची असू शकते. सरकारी नोकरांना महागाई भत्त्याचे अरिअर्स मिळतात ते त्यांचं येणं. पण ऑफर लेटरमध्ये ‘सॅलरी इज पेड इन अरिअर्स’ दिसलं तर घाबरू नका. पगार थकणार असा त्याचा अर्थ नाही. महिना संपल्यावर त्या महिन्याचा पगार, एवढंच. भाडं मात्र बहुतेकदा ‘इन ॲडव्हान्स’ असतं, म्हणजे आधी.

चौथं, क्रेडिट कार्डवरचं ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. या शब्दांनी आमच्या पिढीला फार गंडवलं. वाचून वाटतं की एवढंच देणं आहे. खरं देणं ‘टोटल अमाउंट ड्यू’. मिनिमम भरलंत तर लेट फी टळते, पण उरलेल्यावर व्याज चालूच राहतं, आणि पुढच्या महिन्यात ते व्याज थकबाकीत जाऊन बसतं. आठवतंय का काही? दर महिन्याला नवं होणारं खत आहे ते. फक्त नांगराच्या निशाणीऐवजी ओटीपी.

पाचवं, ‘ऑन डिमांड’. मागताक्षणी देय. आपल्याकडं याला दर्शनी हुंडी म्हणायचे, दाखवली की पैसे. मुदतीनंतरची ती मुद्दती. आणि शाहजोग हुंडी नावाचा प्रकार होता, ती बाजारातल्या पत असलेल्या पेढीवाल्यालाच मिळायची, म्हणजे वाटेत चोरली तरी चोराला उपयोग नाही. आजच्या ‘अकाउंट पेयी’ चेकचीच चुलत बहीण. इंग्रजांनी १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आणला, चेक न वटण्याचे खटले आजही त्याच कायद्याखाली चालतात. पण पेढ्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून नीट चाललेलं होतं.

सहावं आणि शेवटचं. मागणी चुकीची वाटते, पण भरल्याशिवाय सुटका नाही, असं झालं तर? गपचूप भरू नका. भरताना लिहा, ‘पेड अंडर प्रोटेस्ट’. म्हणजे भरतोय, पण मान्य नाही, परत मागायचा हक्क राखून ठेवतोय. आणि ‘फुल अँड फायनल’वर सही करायच्या आधी दहादा वाचा. त्यानंतर ‘अजून एक गोष्ट राहिली होती’ म्हणणं फार अवघड जातं.

अर्धा तुकडा

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा एक नियम सगळ्या नव्या किरकोळ कर्जांना लागू झालाय. कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं. खरा वार्षिक दर किती, कुठलं शुल्क किती, सगळं त्यात. आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहायचं, समजावून सांगायचं, आणि समजलं अशी पोच घ्यायची. त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

सुप्याच्या आगीला तोवर १४९ वर्षं झाली होती.

हा नियम फुकट जाऊ देऊ नका. ॲपवरून झटपट कर्ज घेताना, फोन हप्त्यावर घेताना, आईबाबांच्या नावावर काही काढताना ते स्टेटमेंट मराठीत मागा. इंग्रजी येत असलं तरी मागा, कारण घरात सही करणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता आलं पाहिजे. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती ठेवा. कर्ज फिटलं की बेबाकी दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तो तुमचा लाकडाचा अर्धा तुकडा.

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. अण्णांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला, इंग्रजीत, ‘ड्यू’ वगैरे असलेला. त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “बघ रं इंजिनेर. येणं हाय का देणं?”

मी यावेळी दोनदा वाचलं. मग सांगितलं, “देणं आहे, अण्णा. पुढच्या महिन्याच्या १० तारखेला.”

“मग आत्ताच भर,” अण्णा म्हणाले, “आन् पावती दाव.”

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पगारपत्रात, भाडेकरारात किंवा कार्डाच्या बिलात अडलेला असा एखादा शब्द असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात त्याच्याही मागं लागू. आणि हा मजकूर घरात जे कुणी सह्या करतात, त्यांना वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पावत्या जपा!